स्मृती, वारसा आणि लेखणी : ‘लीळाचरित्र’ ते ‘बलुतं’

आत्मचरित्र शिकवायला घेतले की वर्गातून पहिला प्रश्न बहुधा ठरलेला येतो : हे सारे खरेच घडले का? तो मागे पडला की दुसरी भूमिका पुढे येते. लेखकाने भोगले ते जसेच्या तसे मांडले, त्यात वाङ्मयीन असे वेगळे काय शोधायचे? दोन्ही भूमिका वरकरणी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. आठवण ही माणसाच्या मनात आयती ठेवलेली वस्तू असून लेखक ती फक्त बाहेर काढून दाखवतो, अशी ती समजूत होय. या समजुतीचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. संस्थापक, सुधारक, पुढारी यांच्या आठवणींना आपण ‘लेखन’ म्हणतो. स्त्रियांच्या आठवणींना ‘अकृत्रिम’ म्हणतो आणि दलितांच्या आठवणींना ‘दस्तऐवज’. कौतुकाच्याच या शब्दांनी लेखकपण मात्र हिरावून घेतले जाते. म्हणून हा प्रश्न निव्वळ वाङ्मयप्रकाराचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात मराठीतील काही स्मृतिलेखनांचा इतिहास या दृष्टीने पाहायचा आहे. आठवण शब्दांत उतरते तेव्हा तिला घाट कुठून मिळतो, तो घाट देणारा सांस्कृतिक वारसा लेखकाला काय पुरवतो आणि काय नाकारतो, आणि आठवण त्या घाटात मावेनाशी झाली की काय होते, हे तीन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली असे प्रतिपादन केले की माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीतच त्याची स्मृती उभी राहते. ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हती. अभिनवगुप्ताच्या रसविचारात सहृदयाच्या ठिकाणी आधीपासून असलेल्या वासनांना, म्हणजे चित्तावर उमटलेल्या पूर्वसंस्कारांना, मध्यवर्ती स्थान आहे. ते संस्कार नसतील तर नाट्य समोर घडूनही रसास्वाद संभवत नाही. योगायोग असा की हाच ‘वासना’ शब्द जुन्या मराठीत आणखी एका अर्थाने येतो. महानुभाव ग्रंथांमध्ये एखाद्या प्रसंगाविषयी निरनिराळ्या शिष्यांची वेगवेगळी आठवण असेल, तर ती पाठभेद म्हणून नोंदवताना ‘वासना’ हा शब्द वापरलेला दिसतो. मराठी गद्याच्या आरंभीच स्मृतीविषयी इतकी जाणती परिभाषा असावी, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे.

‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यचरित्रग्रंथ आपण भाषेचा नमुना म्हणून अभ्यासतो. तो स्मृतीचा ग्रंथ आहे, हे मात्र सहसा मागे राहते. चक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर नागदेवाचार्यांसह शिष्यपरिवार रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. परमेश्वराचे नाम, रूप, लीळा, चेष्टा यांचे स्मरण ही त्या पंथातील साधना. विरहात राहिलेल्या शिष्यांपुढे दुसरा आधारही नव्हता. नागदेवाचार्य लीळा आठवत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला ते विचारून लीळा जमवायला सुरुवात केली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, साधारण शके १२०० च्या सुमाराची ही घटना. पुढे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी या लीळांची मांडणी झाली.

म्हाइंभट हे शास्त्र शिकलेले पंडित होते. चरित्र म्हणजे पुराण, चरित्र म्हणजे संस्कृत काव्य, असा वारसा त्यांच्या हाताशी तयार होता. त्यांनी तो वापरला नाही. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, कोणाशी काय बोलले, जेवणात काय होते, भक्ताने कोणती चूक केली आणि स्वामी कसे हसले, हे सारे बोलीतल्या लहान लहान वाक्यांत त्यांनी टिपले. यामागे पंथाची एक ठाम भूमिका होती. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात केशिराजांना संस्कृतात लिहिण्यापासून नागदेवाचार्यांनी परावृत्त केल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, हे त्यामागचे कारण. ज्यांच्या स्मरणातून ग्रंथ उभा राहायचा, त्यांनाच तो कळला नाही तर ते स्मरण कोणाचे, असा हा रोकडा हिशेब आहे. लीळांमध्ये महदाइसेसारख्या स्त्रियांचे प्रश्न ठायी ठायी येतात. ऐकणाराच आठवणीची भाषा ठरवतो, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

या ग्रंथाचे पुढे जे झाले ते त्याहून लक्षणीय आहे. पंथाच्या परंपरेनुसार मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत नष्ट झाली. मग शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यातून एकाचे अनेक पाठ झाले. हिराइसेचा पाठ त्यांपैकी एक. आठवणीतून लिहिलेला ग्रंथ हरवला आणि ग्रंथाच्या आठवणीतून दुसरा ग्रंथ झाला. येथे एखाद्याने एकच पाठ प्रमाण ठरवून इतर पुसून टाकले असते तर नवल नव्हते. श्रद्धेच्या ग्रंथांबाबत तसे वारंवार घडते. महानुभावांनी मतभेद नोंदवले. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, हे लिहून ठेवण्यात श्रद्धेला बाध येतो असे त्यांना वाटले नाही. आपल्या स्मरणावर दुसऱ्याच्या स्मरणाचा हक्क मान्य करण्याची ही शिस्त पुढच्या मराठी आत्मपर लेखनात क्वचितच आढळते.

स्मृतीची व्याप्ती किती, हेही वारसाच ठरवतो. देवगावच्या बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आत्मनिवेदनाच्या अभंगांत आपल्या या जन्माबरोबर आधीच्या बारा जन्मांचीही हकीगत सांगितली आहे. आजचा वाचक बालपणातले वासराचे प्रेम, नवऱ्याचा रोष, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह एवढे आत्मचरित्र म्हणून ठेवतो आणि पूर्वजन्म बाजूला काढतो. पण बहिणाबाईंच्या दृष्टीने हा तेरावा जन्म मागच्या बारांशिवाय कळणारच नाही. स्त्रीदेह, ब्राह्मणकुळ आणि शूद्र गुरू या तिढ्यातून वाट काढताना एका आयुष्याचा पुरावा त्यांना पुरेसा वाटत नाही. कर्मसिद्धांताचा वारसा त्यांच्या हाती सबब म्हणून आलेला नाही. स्वतःच्या निवडीला पाठबळ म्हणून त्यांनी तो वापरला आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि आठवणीला नवा ऐकणारा मिळाला. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे या संक्रमणाचे उत्तम उदाहरण आहे. वरसईचे हे याज्ञिक ब्राह्मण. घरातले कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळवावी या आशेने बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतल्या यज्ञासाठी १८५७ साली चुलत्यांबरोबर निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. सुमारे अडीच वर्षांनी गंगेची कावड घेऊन ते कोकणात परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. पुढे पाव शतकाने, १८८३-८४ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीगत मोडीत लिहून काढली.

या लेखनाचा सांगाडा यात्रेचा आहे. घरून निघणे, तीर्थे करणे, गंगा घेऊन परतणे आणि मातापित्यांच्या ऋणातून मुक्त होणे, हा कावडीच्या यात्रेचा परिचित क्रम. दक्षिणा किती मिळाली, कुठे लुटले गेलो, कोणत्या तिथीला कोणत्या क्षेत्री होतो, याची नोंद एखाद्या भिक्षुकाने ठेवावी तशी आहे. बंडाचा इतिहास लिहावा हा त्यांचा हेतू नव्हता. पण झाशीच्या पाडावापाशी हा सांगाडा अपुरा पडतो. शहरातली कत्तल, जळणारी घरे आणि दिवसवार लूट, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या वस्तूंना हात घातला गेला, याचे वर्णन करताना गोडसे यांची तीच हिशेबी नजर तीर्थांवरून उठून प्रेतांवर जाते. पुण्य मोजायला शिकलेले मन संहार मोजू लागते. अलंकारिक करुणरस तिथे नाही आणि म्हणूनच ती पाने अंगावर येतात. वारशाने त्यांना मोजदादीची सवय दिली. काय मोजावे लागेल हे मात्र वारशाला ठाऊक नव्हते.

वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली, म्हणजे लिहून झाल्यावर दोन दशकांहून अधिक काळाने छापले, आणि छापताना त्यावर संपादनाचा हात फिरवला. भाषा शिष्ट झाली, काही मजकूर बदलला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली आणली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे यांची आठवण वैद्यांच्या मराठीत वाचत होता. वैद्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. सत्तावनाच्या आठवणी छापणे त्या काळात सोपेही नव्हते. परंतु म्हाइंभटांच्या परंपरेशी याची तुलना करून पाहावी. तिथे दुसऱ्याचा पाठ शेजारी लिहिला गेला. येथे संपादकाचा पाठ मूळ पाठावर लिहिला गेला. मुद्रणसंस्कृतीने स्मृतीला दूरवरचे वाचक दिले आणि त्याच्या मोबदल्यात तिचा उच्चार बदलून घेतला.

सत्तावनाचीच आणखी एक आठवण मराठीत आहे, आणि ती रणांगणावरून येत नाही. ती एका घरातल्या सोवळ्याच्या पाण्यातून येते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, म्हणजे बंड त्यांनी पाहिले नाही. पण त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोग यांना सत्तावनाच्या प्रकरणात फाशी झाली होती, आणि ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात त्या घटनेच्या छायेत होते. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे घर केले की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. राजकीय हिंसेचा आघात एका कुटुंबात धर्माचरणाच्या अतिरेकाचे रूप घेतो आणि त्याचा त्रास बायका-मुलांच्या वाट्याला येतो, हे कार्यकारण लक्ष्मीबाई कुठेही सिद्धांत म्हणून सांगत नाहीत. एकामागून एक गंमतीदार प्रसंग त्या सांगत जातात. वाचक हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की घरात एक भय राहते आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग १९३६ साली लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर आला. मुळात त्यांच्या चिरंजीवांना, देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. रेव्हरंड टिळकांच्या चरित्राची साधनसामग्री म्हणून सुरू झालेले लेखन बाईंचे स्वतःचे झाले. पत्नीने पतीच्या आठवणी सांगाव्यात हा घाट मराठीत १९१० साली रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ने प्रतिष्ठित केला होता. लक्ष्मीबाई त्याच दारातून आत येतात, पण नवऱ्याच्या लहरीपणाचा, न सांगता निघून जाण्याचा, हातचे सारे देऊन टाकण्याचा हिशेब त्या इतक्या मोकळेपणाने देतात की आदर्श पतिचरित्राचा घाट आपोआप मोडतो. भक्ती कमी होत नाही, आणि थट्टाही.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण बेताचेच होते. त्यावरून त्यांचे लेखन ‘सहज’ आणि ‘कलाहीन म्हणूनच सुंदर’ असल्याचा निर्वाळा समीक्षेने वारंवार दिला. हा निर्वाळा तपासून पाहायला हवा. कोणती हकीगत कुठे तोडायची, विनोदाला कितपत लांबवायचे, दुःखाच्या प्रसंगी कोणती बारीकशी वस्तू पुढे आणायची, हे त्यांना नेमके ठाऊक आहे. हे शिक्षण शाळेतले नव्हे, माजघरातले. कहाण्या, ओव्या, कीर्तन-पुराण ऐकलेल्या आणि सांगितलेल्या पिढ्यांनी जपलेली ती निवेदनकला होती. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी. मधली पाच वर्षे ‘स्मृतिचित्रे’चा गाभा आहेत. जातिभेद देवाने केलेला नाही, हा निर्णय त्या वादविवादातून घेत नाहीत. मनाशी विचार करून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवतात. सोवळ्याच्या पाण्यापासून सुरू झालेली गोष्ट दुसऱ्याच्या हातच्या पाण्यापाशी येते. धर्म बदलला तरी वारसा सुटला नाही, हेही तितकेच खरे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने जी वाट पाडली होती, त्या पोथीपुराणाच्या वाटेवर ही ब्राह्मण घरातली मुलगी तीन शतकांनी नव्या श्रद्धेसह चालली.

येथवरच्या लेखकांना वारसा कितीही जाचक असला तरी तो काहीतरी देत होता. ज्यांना वारशाने फक्त मागणे आणि वाहणे दिले, त्यांनी कोणत्या घाटात आठवावे? १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आलेल्या मुक्ता साळवे यांच्या मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या निबंधात हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मुलगी पेशवाईतल्या छळाविषयी, इमारतींच्या पायात माणसे पुरली गेल्याविषयी लिहिते, तेव्हा ती स्वतः पाहिलेले सांगत नसते. घराघरांत तोंडी जपलेली समाजाची स्मृती तिने निबंधाच्या नव्या घाटात आणली. कोणत्याही बखरीने ज्यांची बाजू नोंदली नाही, त्यांची बखर एका विद्यार्थिनीच्या वहीत सुरू झाली असे म्हणता येईल.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे नावच वारशाचे नाव आहे. बलुते म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात कुणब्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. महारांच्या बावन्न हक्कांची गोष्ट गावोगाव अभिमानाने सांगितली जाई. त्या हक्कांच्या मोबदल्यात येसकरी, सांगावे पोचवणे, मेलेले ढोर ओढणे अशी वेठ होती. हक्क आणि वेठ यांची ही गाठ आंबेडकरांनी अचूक ओळखली होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. कायद्याने ही वतने जायला १९५८ उजाडावे लागले. तेव्हा पवार तेवीस वर्षांचे होते. म्हणजे ‘बलुतं’ ज्या वारशाची आठवण सांगते तो लेखकाच्या डोळ्यांदेखत कायद्यातून गेला, मनातून मात्र जाईना.

पवारांनी निवडलेला घाट येथे निर्णायक आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी रचना आहे. एकाच माणसाची ही दोन नावे : एक अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या महारवाड्याने आणि मुंबईतल्या कावाखान्याने घडवलेले, दुसरे शिक्षणाने, नोकरीने आणि कवितेने. आठवणारा आणि लिहिणारा यांच्यात पडलेली ही फट हेच पुस्तकाचे सत्य आहे. दगडूला जे आठवते ते दयाला विसरावेसे वाटते, आणि दयाकडे जी भाषा आहे ती दगडूच्या वाट्याला कधी आली नव्हती. निव्वळ दस्तऐवजाला अशा रचनेची गरज पडत नाही. ती लेखकाने केलेली वाङ्मयीन निवड आहे. महारवाड्यातली गाणी, तमाशाची ओढ, सणासुदीची चव यांविषयीची माया आणि त्याच जगाविषयीची लाज अशा दोन्ही गोष्टी पवार एकाच परिच्छेदात राहू देतात. उंबऱ्याआडचे चारचौघांत कशाला आणले, अशी नाराजी स्वसमाजातूनही व्यक्त झाली. त्या नाराजीतही स्मृती सामायिक असल्याचीच कबुली होती.

बेबी कांबळे यांनी हीच फट निराळ्या तऱ्हेने ओलांडली. फलटणच्या दुकानात बसून, घरच्यांच्या नकळत लिहिलेले आणि वर्षानुवर्षे दडवून ठेवलेले त्यांचे लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूप झाले. शीर्षकातले ‘आमुचं’ हे सर्वनाम अर्थपूर्ण आहे. त्यात ‘मी’ फार थोडा येतो. वीरगावचा महारवाडा, आषाढ, पोतराज, सासुरवाशिणींचे हाल आणि आंबेडकरांच्या हाकेने उभ्या राहिलेल्या बायका हा तिथला नायक आहे. जवळजवळ सात शतकांपूर्वी रिद्धपुरात अनेकांच्या आठवणी एका ग्रंथात आल्या होत्या. येथे एकीच्या आठवणीत सगळी वस्ती बोलते.

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. वारसा लेखकाला आठवणीचा घाट, शब्दांचा साठा आणि ऐकणारा पुरवतो. पण टिकाऊ लेखन तो घाट निमूट भरल्याने होत नाही. गोडसे यांची यात्रा झाशीत मोडली, लक्ष्मीबाईंचे पतिचरित्र हास्यात मोडले, पवारांचे ‘मी’ दोन नावांत मोडले. त्या मोडण्याच्या जागी आपण आजही थांबतो. म्हणून ‘वारसा जपा’ हा उपदेश आणि ‘अनुभव प्रामाणिकपणे मांडा’ हा उपदेश, दोन्ही नवोदित लेखकाला अपुरे आहेत. आपल्या आठवणीला आधीच कोणता साचा मिळालेला आहे हे त्याला ओळखता आले पाहिजे.

आणि शिकवणाऱ्यांची जबाबदारी याहून साधी आहे. मुक्ता साळवे, लक्ष्मीबाई, पवार, बेबी कांबळे यांच्या पुस्तकांना आपण जे प्रश्न विचारतो तेच कोणत्याही प्रतिष्ठित गद्यलेखकाला विचारतो का, हे तपासावे. निवेदक कोण, श्रोता कोण, कोणती गोष्ट आधी आली आणि कोणती मुद्दाम मागे ठेवली, हे प्रश्न प्रत्येक पुस्तकाचा हक्क आहे. घडले ते खरे का, हा प्रश्न वर्गात येणारच. त्याला उत्तर देताना महानुभावांची ती जुनी रीत उपयोगी पडेल. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, असे दोन्ही पाठ फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि मग वाचायला सुरुवात करावी.